जे नाही तेही लिहा

शके ११२८च्या श्रावणी पौर्णिमेला चंद्रग्रहण लागलं होतं. कीलहॉर्न या जर्मन पंडिताने पुढे गणित करून ती तारीख ९ ऑगस्ट १२०७ अशी काढली. त्या पर्वावर आमच्या चाळीसगावजवळच्या पाटण्यात निकुंभ घराण्यातल्या सोइदेव राजाने एका मठाला दान दिलं आणि ते दगडावर कोरून घेतलं. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे: राजाचं कूळ, पंडिताचं कूळ, दोघांची स्तुती. शेवटी मात्र भाषा बदलते आणि त्या वेळची मराठी सुरू होते. कारण उघड आहे. वंशावळ पंडितांनी वाचायची होती, कर तेल्याने आणि वाण्याने भरायचा होता. या पाटणात विक्रीला जो माल उघडेल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा कर आता मठाला जाईल, चालत्या घाण्यामागे तेलाची पळी मठाला जाईल, सुपाऱ्याही जातील, असा तो मजकूर आहे.

आणि मठ कशासाठी? भास्कराचार्यांचा सिद्धान्तशिरोमणी आणि त्यांच्या घराण्यातल्या इतरांचे ग्रंथ शिकवण्यासाठी. मठ काढणारा चांगदेव हा भास्कराचार्यांचा नातू, यादव राजा सिंघण याचा मुख्य ज्योतिषी. (पासष्टीवाले चांगदेव हे नव्हेत, ते पुढचे. सहलीला आलेली निम्मी मुलं आणि त्यांचे शिक्षकही इथे गोंधळतात.) चांगदेवाचे वडील लक्ष्मीधर. त्यांना सिंघणाच्या बापाने, जैत्रपालाने, याच पाटणातून बोलावून नेऊन आपल्या पंडितांचं प्रमुखपद दिलं होतं. सिद्धान्तशिरोमणीचा एक भाग म्हणजे बीजगणित. तेव्हा हिशेब सरळ आहे: खानदेशातल्या एका बाजारपेठेत तेल आणि सुपारीच्या करावर बीजगणिताची शाळा चालत होती.

मी त्याच तालुक्यात वर्षानुवर्षं नववी-दहावीला गणित शिकवलं. नवरात्रात आमच्याकडची माणसं पाटणादेवीला जातात, पावसाळ्यात केदारकुंड आणि धवलतीर्थ बघायला जातात, शाळेच्या सहली तर ठरलेल्याच. देवळाच्या आवारात भास्कराचार्यांचं नाव घेतलं जातं, ‘थोर गणितज्ञ’ म्हटलं जातं आणि डबे उघडले जातात. ते पाटण्याचे, बीडचे की विजापूरचे, यावर वाद घालायला माणसं हिरिरीने पुढे येतात. त्या मठात नेमकं शिकवायचे काय, हे मला कुणी विचारल्याचं आठवत नाही. माझी उत्सुकता मात्र तिथेच होती, कारण जे तिथे शिकवत होते तेच मी सोमवारी पहिल्या तासाला शिकवणार होतो. नववीचा धडा: बहुपदी.

भास्कराचार्यांनी बीजगणित लिहिलं ते ११५०च्या सुमारास, वयाच्या ३६व्या वर्षी. ग्रंथाच्या शेवटी ते सांगतात की ब्रह्मगुप्त, श्रीधर आणि पद्मनाभ यांची बीजगणितं फार विस्तृत आहेत, त्यांचं सार काढून विद्यार्थ्यांसाठी हे आटोपशीर केलं. हे वाक्य एखाद्या पाठ्यपुस्तकाच्या प्रस्तावनेत खपून जाईल. पुस्तकाची रचनाही तशीच आहे. आधी धन आणि ऋण संख्यांच्या सहा क्रिया: बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, वर्ग, वर्गमूळ. मग शून्याच्या त्याच सहा. मग अव्यक्ताच्या, म्हणजे अज्ञात राशीच्या, सहा. समीकरण अजून कुठेच नाही. आधी अव्यक्त राशी हाताळायला शिकायची, सोडवायचं नंतर. आजच्या नववीच्या पुस्तकातला बहुपदीचा धडा म्हणजे हेच अव्यक्तषड्विध. वर्गमूळ तेवढं आम्ही वगळलं.

अज्ञात राशीला ते यावत्तावत् म्हणतात आणि लिहिताना नुसता ‘या’ लिहितात. दुसरी अज्ञात राशी आली तर कालक, मग नीलक, पीतक, लोहितक असे रंग. सुट्या संख्येला रूप, लिहायचं ‘रू’. वर्गाला ‘व’, घनाला ‘घ’. ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब. पहिलंच उदाहरण असं: या १ रू १ आणि या २ रू ८, यातल्या ८वर टिंब. करा बेरीज. उत्तर या ३ रू ७, सातावर टिंब. माझ्या शाळेतल्या भाषेत क्ष अधिक १ आणि २क्ष वजा ८ यांची बेरीज ३क्ष वजा ७. गुणाकाराचं उदाहरण: ५क्ष वजा १ ला ३क्ष अधिक २ ने गुणा. येतात १५ क्षवर्ग अधिक ७क्ष वजा २. मग भागाकाराला नवं उदाहरण शोधायचे कष्ट आचार्य घेत नाहीत. तोच गुणाकार उलटा फिरवतात आणि म्हणतात, आता याला भागा. तीनही उदाहरणं मी नववीला जशीच्या तशी घातली आहेत. आकडे सोपे आहेत, चिन्हांत पोरं बरोबर अडकतात आणि पडताळा आपोआप हाती येतो. शिक्षकाने निवडलेली उदाहरणं लपत नाहीत.

बेरजेचा त्यांचा नियम एका ओळीत बसतो: एका जातीच्या राशींची बेरीज-वजाबाकी होते, भिन्न जातींच्या राशी शेजारी शेजारी तशाच राहतात. सजातीय पदं आणि विजातीय पदं, दुसरं काय? हा नियम समजावताना आम्हा शिक्षकांची एक जुनी खोड आहे. दोन आंबे आणि तीन पेरू यांची बेरीज पाच आंबे होत नाही, तसं २क्ष आणि ३य यांची होत नाही, असं आम्ही सांगतो. वर्ग माना डोलावतो. आणि चार दिवसांनी गुणाकार येतो. क्ष गुणिले य. आंबा गुणिले पेरू? तिथे माना डोलायच्या थांबतात. क्ष म्हणजे आंबा नव्हे, क्ष ही संख्या आहे, फक्त अजून न कळलेली. भास्कराचार्यांनी नावं रंगांची दिली, पण काळ्याला निळ्याने गुणायची वेळ आली तेव्हा बिचकले नाहीत. त्या गुणाकाराला त्यांच्याकडे वेगळं नाव आहे, भावित, आणि लिहायचं ‘भा’. त्याची जात निराळी, म्हणून तो निराळ्या जागी. आंबे-पेरूंचा उपयोग फार तर बेरजेच्या तासापुरता. मी तो पुढे सोडूनच दिला.

मला सांगायची आहे ती गोष्ट मात्र नियमांची नाही, मांडणीची आहे. भास्कराचार्यांच्याही आधी, नवव्या शतकात, पृथूदकस्वामी नावाच्या टीकाकाराने ब्रह्मगुप्ताच्या ग्रंथावर भाष्य केलं. त्यात १०क्ष वजा ८ बरोबर क्षवर्ग अधिक १ हे समीकरण असं मांडलेलं आहे:

याव ० या १० रू ८
याव १ या ० रू १

वरच्या आठावर टिंब, म्हणजे तो ऋण. वरची ओळ म्हणजे एक पक्ष, खालची दुसरा. बरोबरचं चिन्ह नाही, अधिकचं नाही. वरच्या पक्षात वर्ग नाहीच, तरी ‘याव ०’ लिहिलं आहे. खालच्या पक्षात नुसता या नाही, तरी ‘या ०’ आहे. जे नाही त्याची जागाही राखून ठेवली आहे. वर्गाखाली वर्ग, याखाली या, रूपाखाली रूप. आता वजाबाकी करायला डोकं लागत नाही, डोळे पुरतात. अक्षर इथे पाटीसारखं आहे, कुठल्या जातीचा आकडा कुठे बसला ते सांगण्यापुरतं. सगळा व्यवहार आकड्यांचा. धूळपाटीवर बोटाने लिहून पुसत जाणाऱ्या माणसाला हे फार सोयीचं. आकडे बदलत जातात, जागा बदलत नाहीत.

माझं म्हणणं इतकंच आहे की शाळेत बहुपदी शिकवताना सुरुवात इथून करावी. पदांच्या व्याख्येवरून नको, एकपदी-द्विपदी-त्रिपदीच्या वर्गीकरणावरून तर नकोच. नववीतली चूक कुठे होते ते कुठल्याही गणित शिक्षकाला विचारा. क्षघन वजा १ ला क्ष वजा १ ने भागा. पोरगं दोनच आकडे लिहितं, १ आणि उणे १, कारण समोर दोनच पदं दिसतात. मग रीत बिनचूक चालवतं आणि उत्तर लिहितं: भागाकार १, बाकी शून्य. म्हणजे क्षघन वजा १ आणि क्ष वजा १ एकच ठरले! ‘मधल्या जागा कुठे गेल्या?’ असं विचारलं की आमच्या अहिराणीत उलट प्रश्न येतो, ‘सर, जे नई से ते लिखानं काब्र?’ प्रश्न रास्त आहे. जे नाही ते का लिहायचं?

उत्तर मी फळ्यावर देत असे. क्षच्या जागी १० घाल. हजार वजा १ म्हणजे ९९९. दहा वजा १ म्हणजे ९. भाग. आले १११. आता क्षघन वजा १ नीट लिही: १, ०, ०, उणे १. भाग. सहगुणक आले १, १, १. म्हणजे क्षवर्ग अधिक क्ष अधिक १. पोरांना हे १११ भुतासारखं दिसतं, पण त्यात भूत काही नाही. हजार लिहिताना शतक, दशक, एकक नाहीत म्हणून आपण १ एवढंच लिहून थांबत नाही, तीन शून्यं देतो. चौथीतल्या पोरालाही ते कळतं. बहुपदी म्हणजे तीच स्थानिक किमतीची मांडणी, फक्त पाया दहा आहे की किती ते अजून सांगितलेलं नाही आणि हातचा घ्यायची सोय नाही.

भास्कराचार्यांकडे परत जातो, कारण वर्गसमीकरणापाशी ते थांबत नाहीत. एक घनसमीकरण देतात, त्याच्याकडे शेवटी येईन. आणि एक चौथ्या घाताचं: क्षचा चतुर्थ घात, वजा २ क्षवर्ग, वजा ४००क्ष, बरोबर ९९९९. हे बघून माझे शिकवणीवाले मित्रसुद्धा पेन खाली ठेवतात. आचार्यांची युक्ती अशी: दोन्ही पक्षांत ४ क्षवर्ग अधिक ४००क्ष अधिक १ मिळवा. डावीकडे क्षवर्ग अधिक १ याचा पूर्ण वर्ग होतो, उजवीकडे २क्ष अधिक १०० याचा. वर्गमुळं काढा. क्षवर्ग अधिक १ बरोबर २क्ष अधिक १००. उरलं साधं वर्गसमीकरण, त्यातून क्ष बरोबर ११. नेमकं तेवढंच का मिळवायचं? त्याचा नियम ते देत नाहीत. तिथे बुद्धी चालवावी लागते, असं सांगून मोकळे होतात. नियम असेल तिथे नियम सांगणं आणि नसेल तिथे ‘नाही’ म्हणणं हा शिक्षकाचा प्रामाणिकपणा मला त्यांच्या पुष्कळशा सूत्रांपेक्षा मोठा वाटतो. चौथ्या घाताच्या समीकरणाची सर्वसाधारण रीत इटलीत सापडायला सोळावं शतक उजाडलं.

यादव गेले, निकुंभ गेले, पाटण उजाड झालं. ग्रंथ मात्र हिंडत राहिला, आणि पुष्कळसा आपल्याच मुलखात. गोदाकाठच्या पाथरीच्या सूर्यदासाने १५३८ मध्ये बीजगणितावर टीका लिहिली. सोळावं शतक संपताना कृष्ण दैवज्ञाने आणखी एक लिहिली, बीजपल्लव. त्यात नियम का चालतो याची उपपत्ती दिली आहे, ऋणाला ऋणाने गुणलं की धन का, हे त्यात समजावलेलं आहे. कृष्णाचं घराणं मूळ विदर्भातलं, पयोष्णीकाठचं, नंतर काशीला गेलेलं. मग एक वळण असं आहे की ते मी वर्गात सांगितलं की मागच्या बाकावरची मुलंही वर बघत. १६३४-३५ मध्ये अताउल्ला रशिदी नावाच्या माणसाने भास्कराचार्यांचं बीजगणित फारसीत आणलं आणि शहाजहानला अर्पण केलं. हा अताउल्ला म्हणजे ताजमहालाचा स्थपती मानल्या जाणाऱ्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. तो स्वतःही वास्तुशिल्पी होता, आणि औरंगाबादचा बीबी का मकबरा त्याचा. मुख्य दरवाजावरच्या लेखात त्याचं नाव आहे. चाळीसगावहून औट्रम घाट चढून कन्नडवरून संभाजीनगरला जाणारी आमची एसटी पाटण्याच्या डोंगराला वळसा घालून मकबऱ्याच्या गावी पोचते. बीजगणिताला तोच रस्ता कापायला चारशे-साडेचारशे वर्षं लागली, तेही आग्रा-दिल्लीमार्गे.

या फारसी भाषांतरावरून एडवर्ड स्ट्रॅची याने १८१३ मध्ये इंग्रजी भाषांतर छापलं. चारच वर्षांनी कोलब्रुकने मूळ संस्कृतावरून ब्रह्मगुप्त आणि भास्कर यांचं गणित इंग्रजीत आणलं. लंडनचे गणिती ते वाचू लागले तेव्हा मुंबईत नव्या मराठी शाळा निघत होत्या, आणि त्यांत बीजगणित शिकवायला मराठी पुस्तक हवं होतं. आता ते विलायतेहून येणार होतं.

आणणारा माणूस जॉर्ज जर्व्हिस. मुंबईच्या इंजिनिअर पथकातला अधिकारी, १८२२ मध्ये निघालेल्या शाळापुस्तक मंडळीचा चिटणीस. १८२६ मध्ये मुंबईत तयार झालेले शिक्षक दख्खन, कोकण आणि गुजरातेत धाडले गेले, त्यामागे याच मंडळीची खटपट. जर्व्हिसने हटनच्या इंग्रजी गणितावरून ‘शिक्षामाला’ मराठीत केली. पुढे १८४८ मध्ये ऑगस्टस डी मॉर्गन यांचं बीजगणित मराठीत निघालं. जर्व्हिसच्या मदतीला होते विष्णू सुंदर छत्रे, गंगाधरशास्त्री फडके आणि गोविंद गंगाधर फडके. शास्त्री मंडळींना जुनी परिभाषा ठाऊक होती, साहेबाला नवी रीत. त्या पुस्तकाच्या निमित्ताने दोन्ही एका मेजावर आल्या.

साल लक्षात घ्या. १८४७ मध्ये मुंबईच्या शिक्षण मंडळात भांडण पेटलं होतं. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा आग्रह होता की वरचं शिक्षण इंग्रजीतूनच द्यावं. जर्व्हिस विरोधात उभा राहिला, आणि त्याच्या बाजूला नाना शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा. देशी भाषांत शास्त्र शिकवता येईल का, हा वादाचा मुद्दा. वाद चालू असताना दुसऱ्याच वर्षी डी मॉर्गन मराठीतून छापला गेला. मला जर्व्हिसने वादात लिहिलेल्या टिपणांपेक्षा हे उत्तर जास्त पटतं.

डी मॉर्गनचा जन्म मदुराईचा, १८०६चा. तान्हेपणीच तो विलायतेला गेला आणि अवघा २१ वर्षांचा असताना लंडनच्या नव्या विद्यापीठात गणिताचा प्राध्यापक झाला. शिकणाऱ्याला नेमकं काय कळत नाही, यावर त्याने वेगळं पुस्तक लिहिलं होतं. हिंदुस्थानी माणसाला भूमितीपेक्षा बीजगणिताची ओढ जास्त, असं त्याचं मत होतं. दिल्ली कॉलेजातल्या मास्टर रामचंद्रांचं पुस्तक १८५० मध्ये कलकत्त्याला छापलं गेलं. कलनशास्त्र न वापरता, निव्वळ बीजगणिताने, महत्तम आणि लघुतम किमती काढायची रीत त्यात होती. डी मॉर्गनने ते १८५९ मध्ये लंडनला पुन्हा छापवून घेतलं आणि लांबलचक प्रस्तावना जोडली. तिकडे काशीला बापूदेवशास्त्री जुन्या-नव्या गणिताच्या जोडकामाचा हाच उद्योग हिंदीत करत होते. ते मूळचे नगर जिल्ह्यातल्या गोदाकाठच्या टोक्याचे. नागपुरात भास्कराचार्यांचं बीजगणित शिकले, मग लान्सलॉट विल्किन्सन या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांना सीहोरच्या पाठशाळेत नेलं, तिथून काशीच्या संस्कृत कॉलेजात. १८५०च्या सुमाराला त्यांचं हिंदी बीजगणित आलं.

भांडणात पुढे पेरीचीच बाजू वरचढ ठरली म्हणायची. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ निघालं, मॅट्रिक आली आणि हायस्कुलातलं गणित इंग्रजी झालं. टॉडहंटरचं पुस्तक आलं, मग हॉल आणि नाईटचं. माझ्या वडिलांकडे हॉल आणि नाईटची कापडी बांधणीची प्रत होती. मराठीत विचार करून इंग्रजीत ‘एक्स’ लिहिणारी ती पिढी. मराठी माध्यम मॅट्रिकपर्यंत पोचायला विसावं शतक बरंच सरावं लागलं. माझ्या शाळेत क्ष आणि य होते. १९६७ मध्ये पुण्याला पाठ्यपुस्तक मंडळ निघालं, पुस्तकं बदलत गेली, मी निवृत्त होईपर्यंत रोमन लिपीतला एक्स परत आला होता. मला त्याचं दुःख नाही. अक्षर कुठलंही चालतं. जागा चुकवू नका म्हणजे झालं.

आता त्या जागेचा शेवटचा धागा. विल्यम हॉर्नर हा इंग्रज शाळामास्तर. १८१९ मध्ये त्याने समीकरणाची मुळं काढायची एक रीत लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ठेवली. तीत अक्षरं गळून पडतात, उरतात नुसते सहगुणक, ओळीत मांडलेले. या रीतीचा सर्वांत मोठा प्रचारक कोण, तर डी मॉर्गन. तिच्यातूनच आलेला भागाकार आज महाराष्ट्राच्या नववीच्या पुस्तकात ‘संश्लेषक भागाकार’ म्हणून बसला आहे, आणि त्याच्या आधी बहुपदीचं ‘सहगुणक रूप’ शिकवलं जातं: कंसात आकडे, स्वल्पविराम, नसलेल्या पदाला शून्य. पृथूदकाची ओळ, याव-या-रू या पाट्या काढून टाकलेली.

यावरून कुणी लगेच ‘बघा, सगळं आपल्याकडेच होतं’ म्हणून शाल-श्रीफळ मागवू नये. पाटण्याच्या मठातून हॉर्नरच्या टेबलापर्यंत रस्ता गेलेला नाही. भास्कराचार्यांच्या हयातीतच बगदादकडच्या अस्-समवालने बहुपदींचे सहगुणक तक्त्यात मांडले, रिकाम्या घरी शून्य घातलं आणि त्यांचा लांब भागाकार करून दाखवला. ते पुस्तक लिहिलं तेव्हा तो १९ वर्षांचा होता. पाटण्याचा लेख कोरल्यावर ४० वर्षांनी, १२४७ मध्ये, चीनमधल्या चिन जिउशाओने मोजणीच्या काड्या जागच्या जागी ठेवून मोठ्या घातांची समीकरणं सोडवली. धुळीवर बोट फिरवणारा, तक्ता आखणारा, काड्या मांडणारा, सगळे स्वतंत्रपणे एकाच सोयीपाशी आले, असंच मला दिसतं. हाताने हिशेब करणाऱ्याला ती सोय लागतेच. युरोपात व्हिएतने १५९१ मध्ये आणि देकार्तने १६३७ मध्ये अक्षरांचं लेखन पक्कं केलं, आणि त्याचा फायदा अफाट झाला: आकडे माहीत नसतानाही सूत्र लिहिता येऊ लागलं. तो फायदा सोडा असं मी म्हणत नाही. पण नववीतल्या पोराला सूत्राची घाई नसते. त्याला आधी हातात काहीतरी धरायला लागतं.

पाटण्याचा तो लेख उजेडात आणला डॉक्टर भाऊ दाजींनी. गोव्यातल्या मांद्रे गावचे, मुंबईत डॉक्टरकी करणारे आणि फावल्या वेळात डोंगरातले दगड वाचणारे. भवानीच्या पडक्या देवळात त्यांना तो मिळाला. १८६५ मध्ये त्यांनी त्यावर लिहिलं, पुढे कीलहॉर्नने नीट संपादून छापला. भाऊ दाजी तिथे पोचले तोवर चाळीसगावच्या आसपास बीजगणित कुणी शिकवत असलंच तर इंग्रजी पुस्तकातून.

राहिलं ते घनसमीकरण. क्षघन अधिक १२क्ष बरोबर ६ क्षवर्ग अधिक ३५. आचार्य ते असं मांडतात:

याघ १ याव ० या १२ रू ०
याघ ० याव ६ या ० रू ३५

मग वर्ग एका बाजूला घेऊन दोन्हीकडून ८ वजा करतात. डावीकडे क्ष वजा २ याचा घन होतो, उजवीकडे २७. घनमूळ ३, म्हणून क्ष बरोबर ५. माझ्या शेवटच्या बॅचला मी हे संश्लेषक रीतीने करायला दिलं होतं. वरच्या ओळीतून खालची वजा केली की जागा तयारच असतात: १, उणे ६, १२, उणे ३५. डावीकडे ५ घ्यायचे. १ खाली. पाच एके पाच, उणे ६ मध्ये मिळवले, उणे १. पाच गुणिले उणे १, बारात मिळवले, ७. पाच साते पस्तीस, बाकी शून्य. दोन मिनिटांचं काम. खालच्या ओळीत १, उणे १, ७ उरतात, म्हणजे क्षवर्ग वजा क्ष अधिक ७. ‘सर, याची उत्तरं?’ असं एकीने विचारलं. विवेचक काढला तर उणे २७ येतो, वास्तव मूळ नाही, म्हणून आचार्यांनी एकच उत्तर दिलं. पण विवेचक दहावीत येतो, तेव्हा मी तिला पुढच्या वर्षाचं पुस्तक आणि पान सांगितलं.